गाईडमधली नदी आणि पुलाखालची

दहावीच्या बहुतेक वह्यांमध्ये नदी डोंगरात उगम पावते, खळखळ वाहते आणि शेवटी माणसाला ‘मला वाचवा’ म्हणते. अंबरनाथच्या वह्यांतही तेच. तिथली कितीतरी मुलं रोज वालधुनी ओलांडतात. ही नदी १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि पुढे उल्हासनगरात शिरते. पण निबंधात ती येत नाही, कारण मार्क गाईडमधल्या नदीला मिळतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, बदलापूरला राहते. रविवारी अंबरनाथला नववीच्या अकरा मुलांना शिकवते. गेल्या वर्षी आम्ही वर्गाचा ब्लॉग सुरू केला. प्रत्येकाने आठवड्याला दीडशे शब्द लिहायचे आणि दुसऱ्या दोघांचं वाचून एकेक प्रश्न विचारायचा. नुसतं ‘छान’ लिहायला बंदी. पान फक्त वर्गाला आणि पालकांना दिसतं. आडनावं नाहीत, फोटो नाहीत.

एका मुलीने लिहिलं, पुलावरून वालधुनी कधी निळी दिसते, कधी तांबूस. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून येणाऱ्या मुलाने विचारलं, ‘निळी कोणत्या वारी?’ तिला सांगता येईना. मग ती रोज शाळेत जाताना रंग टिपू लागली. वहीतल्या निबंधाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. साठ वह्या तपासणाऱ्या बाईंकडे तेवढा वेळच नसतो.

यात नवीन आहे तो फक्त फोन. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढत. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः लिहिलेला मजकूर खिळे जुळवून छापत आणि दुसऱ्या शाळेला पाठवत. गुरुजींच्या दैनिकात मुलं वाचक होती, फ्रेनेच्या वर्गात ती लेखकही झाली. आज आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांचे ब्लॉग आहेत. मी पाहिलेल्या बहुतेकांवर चाचण्या, कवितांच्या चाली, शासन निर्णय असं उपयोगी पुष्कळ मिळतं; मुलांनी लिहिलेलं मात्र शोधावं लागतं.

घटक चाचणीत त्या मुलीने वालधुनीच लिहिली. दहापैकी पाच मार्क, शेरा ‘अपेक्षित मुद्दे नाहीत’. पुढच्या रविवारी ती म्हणाली, “ताई, बोर्डाला मी गाईडचीच नदी लिहीन. ही इथे लिहीन.”

मला ते आवडलं नाही, पण तिला चूकही म्हणता आलं नाही. अकरावीच्या प्रवेशाला मार्क लागणारच आहेत. तिच्या नोंदी अजून चालू आहेत. आता तो कॅम्पातला मुलगाही त्याच्या घराजवळच्या पुलावरून रंग टिपतो. एकाच दिवशी दोन्हीकडे रंग सारखा असतो का, हे दोघांना बघायचंय.