थ्री नॉट थ्री

माणसाच्या मनाला कोणत्या वयात कशाची ओढ लागेल, याचा नेम नसतो. पन्नाशी उलटली की कोणी बागकामात रमतो, कोणी पंढरीची वारी धरतो. ज्याचे सारे आयुष्य खडू, फळा आणि हजेरीपट यांत गेले, अशा माझ्यासारख्या मुख्याध्यापकाने मात्र या वयात एका जुन्या लष्करी रायफलीच्या मोहात पडावे, याचे माझे मलाच नवल वाटते. शाळेत ही हकिगत सांगितली, तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, आता उशिरा येणाऱ्या मुलांची धडगत नाही!" हशा झाला आणि विषय तेथेच संपला. हकिगतीचा उरलेला भाग मी तेथे सांगितला नाही. तो येथे सांगतो.

आमचे गाव बेळगावपासून फार दूर नाही. १९२२ साली मराठ्यांच्या जुन्या पलटणी एका रेजिमेंटमध्ये गुंफल्या गेल्या आणि पुढे तिचे केंद्र बेळगावातच रुजले. त्यामुळे आमच्या भागात मराठा पलटणीशी नाते नसलेले घर विरळा. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. १९४३ साली आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर ते इटलीत उतरले आणि सांग्रो नदीपासून उत्तरेकडे सरकत गेलेल्या त्या मोहिमेत त्यांनी दोन हिवाळे काढले. आम्हा नातवंडांना युद्धकथांची केवढी हौस! पण आबा सांगत ते चिखलाविषयी, ओझ्याच्या खेचरांविषयी आणि पाव देणाऱ्या एका इटालियन म्हातारीविषयी. लढाईचा विषय निघाला की ते तंबाखूची चंची उघडीत.

आबांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. म्हातारपण म्हणून घरात कोणी त्याचा फारसा विचार केला नाही. आम्हा मुलांना तर तो एक खेळच होता. कोणीतरी हळूच त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन "आबा, तुमची पेन्शन बंद झाली" असे म्हणे, आबा शांतपणे समोर पाहत राहत आणि आम्ही तोंडे दाबून हसत असू. या खेळात मी सर्वांत पुढे असे, हे आज लिहिताना लेखणी अडखळते.

१९८४ साली मी शाळेच्या एन.सी.सी.त होतो. कवायतीला आम्हाला जुन्या थ्री नॉट थ्री रायफली देत. त्या फक्त कवायतीपुरत्याच उरलेल्या होत्या. नेमबाजीसाठी मात्र लहान पॉइंट टू टूची रायफल असे. पहिल्यांदा पाच गोळ्या झाडून मी खाकी गणवेशातच घरी आलो आणि आबांच्या उजव्या बाजूला जाऊन छाती फुगवून उभा राहिलो. किती नेम लागले, असे ते विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. आबांनी विचारले, "कान दुखला काय रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," एवढेच ते बोलले. मला त्या प्रश्नाचा राग आला. पलटणीत राहिलेल्या माणसाने असे बाईमाणसासारखे काय विचारावे, असे त्या पोरवयात वाटले. १९८७ साली आबा गेले.

आमचे चिरंजीव काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त कॅनडात गेले. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, खात्याची रीतसर परवानगी काढून, आम्ही उभयता त्यांच्याकडे ऑन्टारिओ प्रांतात गेलो. तेथे गेल्यावर कळले की चिरंजीवांना नेमबाजीचा नाद लागला आहे. कॅनडात बंदूक बाळगायची तर आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते आणि पहिल्याच परवान्यासाठी अर्ज केल्यावर किमान अठ्ठावीस दिवस थांबावे लागते. हे सर्व सोपस्कार त्यांनी उरकलेले होते. "बाबा, एका आजोबांकडे एक जुनी रायफल विकायची आहे. तुम्ही बरोबर चला. ती पाहिल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही," ते म्हणाले. सौ.ने कपाळाला आठ्या घातल्या, पण आम्ही निघालोच.

ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे होते. त्यांनी आधी चिरंजीवांच्या परवान्याची सरकारी खातरजमा करून घेतली, मग घोंगडीत गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवली आणि दस्त्याच्या मानेजवळच्या लोखंडी पट्टीवर बोट टेकविले. तेथे मुकुट कोरलेला होता, खाली सम्राट सहाव्या जॉर्जची आद्याक्षरे, त्याखाली 'इशापूर' आणि १९४२ हे साल. "ही तुमच्या देशातून आलेली आहे," म्हातारबुवा म्हणाले. परमुलखात अचानक गावाकडचा माणूस भेटावा, तसे मला झाले.

इशापूर हे कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी आहे. तेथे कंपनी सरकारच्या काळात, १७८७ साली, दारूचा कारखाना निघाला आणि १९०४ पासून रायफलींचा. ली-एन्फील्ड जातीची ही रायफल तेथे दोन्ही महायुद्धांत तयार होत होती. नळीचा व्यास इंचाच्या तीनशे तीन सहस्रांश, म्हणून तिचे नाव थ्री नॉट थ्री. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यात सेल्फ लोडिंग रायफली आल्या, जुन्या पोलिसांकडे गेल्या, आणि पुष्कळशा भंगार म्हणून व्यापाऱ्यांमार्फत परदेशी विकल्या गेल्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला. आपल्याकडे हा लष्करी व्यास खाजगी माणसाला मिळत नाही. त्याच इशापुरात त्याच बांधणीची पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल परवानाधारकांसाठी निघाली, ती एवढ्याचसाठी. म्हणजे बेळगावात मी जिला घरी आणू शकलो नसतो, ती मला सातासमुद्रापलीकडे माझ्या मुलाच्या घरी भेटली.

व्यवहार ठरला. पुढचे चार दिवस आम्ही बापलेक त्या रायफलीच्या सेवेत होतो. वंगणाची जुनी किटणे पुसून काढली. कोरडे पडलेले लाकूड जवसाच्या तेलाने चोळले. हे तेल बोटांना लागताच आमच्या ओसरीवरच्या नव्या नांगराचा वास आला. पितळी दस्तापट्टीला एक लहानशी खिडकी आहे. तिच्या आत तेलाची बाटली आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवण्याची जागा. पुढच्या लाकडातून एक स्क्रू आडवा गेला होता. लाकूड उलू नये म्हणून इशापूरच्या कारागिरांनी केलेली ही तजवीज. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच निघाला, तेव्हा चिरंजीवांना कोण आनंद! एंशी वर्षे झाली तरी जोडी फुटलेली नव्हती. बोल्ट पुढे ढकलून खाली वळविला की जो गुळगुळीत, भरीव आवाज होतो, तो ऐकण्यासाठी मी तो रिकामाच कितीदा तरी चालविला. कोण्या बंगाली कामगाराने कानशीने घासलेले ते लोखंड! आपण शिक्षक मंडळी हाताच्या कामाला वह्यांत गुण देतो, पण हाताचे काम असे टिकलेले पाहण्याचा योग क्वचित येतो.

आबांनी हीच रायफल वाहिली असेल काय, असा विचार मनात आलाच. पण तसे मानणे हा कवींचा उद्योग. इशापुरात अशा लक्षावधी झाल्या. मात्र तिचे चार किलोचे वजन आबांच्या खांद्याला ठाऊक होते, एवढे निश्चित.

रविवारी आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. परवाना नसलेल्या पाहुण्याला तेथे परवानाधारकाने शेजारी राहून झाडू द्यावे, असा कायदा आहे. चिरंजीवांनी माझ्या डोळ्यांना चष्मा आणि कानांना जाड गाद्यांची झाकणे लावली. "बाबा, हे काढायचे नाही, काहीही झाले तरी." मी शिक्षक असून त्या क्षणी विद्यार्थी होतो.

पहिली गोळी सुटली. खांद्याला बसलेला तो धक्का मी जन्मात विसरणार नाही, जणू एखाद्या थोरल्या माणसाने खांद्यावर थाप मारून "जागा आहेस ना?" असे विचारावे. पन्नाशीच्या डोळ्यांना माशी स्पष्ट दिसावी तर लक्ष्य धूसर होते आणि लक्ष्य पाहावे तर माशी हरवते. तरी दहा गोळ्यांपैकी सहा कागदाला लागल्या आणि त्यांतल्या चार एका तळहाताने झाकतील इतक्या जवळ होत्या. खोटे कशाला सांगू, मी लहान मुलासारखा हरखलो. आबांच्या काळी तरबेज शिपायाने या रायफलीने मिनिटाला पंधरा गोळ्या नेमाने माराव्यात, अशी अपेक्षा असे. मला दहांना पाऊण तास लागला.

घडले ते त्यानंतर. चिरंजीव मला काही सांगत होते, ते ऐकू येईना, म्हणून मी नकळत डाव्या कानावरचे झाकण उचलले. त्याच क्षणी डावीकडच्या खणातून कोणीतरी रायफल झाडली. तो आवाज नव्हताच. कोणी कानात खिळा ठोकावा तशी ती वेदना होती. मग कानात एक बारीक शीळ सुरू झाली, ती रात्री अंथरुणावर पडेपर्यंत थांबली नाही.

चिरंजीव घाबरले. घरी आल्यावर त्यांनी मला समजावून सांगितले की, एकशे चाळीस डेसिबलच्या वरचा आवाज एकाच दणक्यात कानाला कायमचे जायबंदी करू शकतो, आणि अशा रायफलीचा आवाज त्याच्याही पलीकडचा. "उजव्या हाताने झाडणाऱ्याचा उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. डावा नळीच्या तोंडाकडे असतो. म्हणून जुन्या सैनिकांचा डावा कान आधी जातो," ते सहज बोलून गेले. त्यांनी पणजोबांना पाहिलेले नव्हते. मी मात्र खुर्चीत बसल्या जागी गार झालो.

एक गोळी, आणि तीही शेजाऱ्याची. माझी एक रात्र शिळेत गेली. आबांच्या कानांवर ना गाद्या होत्या, ना कापसाचा बोळा. दोन हिवाळे! आणि त्या कानाशी उभे राहून आम्ही त्यांची पेन्शन बंद करीत होतो. आबांना ते कधी कळले असेल काय? समोरच्या मुलांची दाबलेली तोंडे तर त्यांना दिसत असणारच. चौऱ्याऐंशी साली त्यांनी जे विचारले, तीच त्यांची सांगितलेली एकमेव युद्धकथा होती. ती ऐकण्याइतके माझे दोन्ही कान त्या वेळी शाबूत होते, पण मला ऐकू आले नाही.

परतताना मी आठवण म्हणून रिकामे काडतूससुद्धा आणले नाही. विमानतळावर त्यावरून नसती उठाठेव व्हायची. रायफल तेथे, कुलूपबंद कपाटात आहे. तिच्याविषयीची माझी आवड कमी झालेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. चिरंजीवांनी पुन्हा बोलावले तर मी पुन्हा नेम धरीन, फक्त झाकण उचलणार नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे विळा, कोयता आणि माझी लेखणी पाटावर मांडली. शेजारी आबांचा फोटो ठेवला. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. त्यांनीही रायफल पुसून, झेंडूचे फूल वाहून पूजा केली होती आणि आदल्या रविवारी दहापैकी नऊ नेम लागल्याचे ते उत्साहाने सांगत होते.

"आबा असते तर काय म्हणाले असते, बाबा?"

मी फोटोकडे पाहिले आणि म्हणालो, "कान दुखला काय, असे विचारले असते."