कोरे राहिलेले पान

आपल्या हातचे काम चार माणसांनी पाहावे असे प्रत्येकास वाटते, आणि त्यात पाप नाही. मात्र स्तुतीची गोडी एकदा लागली की काम कोणासाठी आरंभिले होते याचा विसर पडतो. सुरतेस राहत असता आम्हांस याचा जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

छायाचित्रकारांनी प्रकाशकाच्या दारी न जाता स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांच्या स्पर्धा भरतात, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. २००८ साली ब्लर्ब नावाच्या अमेरिकन कंपनीने अशी स्पर्धा भरविली व पहिले बक्षीस २५,००० डॉलरांचे ठेवले. पण अशी पुस्तके करण्याची रीत जुनीच आहे. छायाचित्रांचे पहिले पुस्तक म्हणून जे ओळखले जाते, ते इंग्लंडमधील ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ सालापासून स्वतःच तयार केले. औषध लावलेल्या कागदावर समुद्रशैवाल ठेवून तो उन्हात धरावयाचा व मग पाण्याने धुवावयाचा, की निळ्या जमिनीवर पांढरी आकृती उमटे. त्याच्या प्रती त्यांनी स्नेह्यांस व विद्वानांस भेट दिल्या.

अशाच एका स्पर्धेचे निमंत्रण वाचून आम्हीही कंबर कसली. विषय निवडला सुरतेतील ख्रिस्ती कबरींचा. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली, तेव्हा कापुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या निवासास त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर याने लिहून ठेविले आहे. त्याच प्रसंगी इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली येथेच वारला. त्याची व त्याच्या भावाची घुमटाची भव्य कबर आजही उभी आहे. कतारगामच्या डच दफनभूमीत व्हान रीड विसावला आहे. मलबारच्या वनस्पतींवरील त्याचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. आरंभी त्याच्या साह्यास कार्मेल संघाचे फादर मॅथ्यू होते, आणि पहिल्या खंडात तीन कोंकणी वैद्यांचा नागरी लिपीतील दाखलाही आहे. व्हान रीड १६९१ साली सुरतेच्या वाटेवर समुद्रात वारला. शेवटचा खंड निघाला १६९३ साली. स्वतःचे पुस्तक पुरे झालेले त्यास पाहावयास मिळाले नाही!

या थोरामोठ्यांच्या घुमटांसमोर आमच्या गोरगरिबांचे साधे क्रूस ठेवावेत, अशी आमची कल्पना होती. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचे. मुद्रकाने समजावून दिले की सोळा पानांचा एक फर्मा होतो, म्हणून पाने मन मानेल तशी वाढविता वा कमी करिता येत नाहीत. आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रातील चेहरा शिवणीत येऊ देऊ नये, नाहीतर बांधणीत तो गिळला जातो.

एक चित्र इतरांहून सरस साधले होते. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, कबरींवर मेणबत्त्या लागल्या असता, एक माता आपल्या बाळाच्या कबरीवर ओणवली होती. ज्योतीचा उजेड तिच्या ओल्या गालांवर पडला होता. आमचे स्नेही म्हणाले, “बक्षीस हेच चित्र आणणार.” आम्हांसही तसेच वाटत होते. घरी आमच्या पत्नीने मात्र एवढेच विचारले, “तिला विचारलंत का?”

आम्ही विचारले नव्हते. पुढल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्या बाईस गाठून चित्र दाखविले. ती ते पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “भाऊ, कबरीचा फोटो असला तर मला द्या. माझ्या लेकराचा एकही फोटो नाही आमच्याकडे. पण माझं रडणं लोकांना कशाला दाखवता?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर, तिला न कळविता पुस्तक पाठवावे, परदेशातील परीक्षकांस ती कोठून ओळखणार, असा विचार त्या रात्री मनात आला. पण प्रभूने लाजराच्या थडग्याशी अश्रू ढाळिले, ते मार्था आणि मरिया यांच्या दुःखात सहभागी होऊन; त्या दुःखाचे प्रदर्शन मांडण्यासाठी नव्हे. सकाळी उठून आम्ही मुद्रकाकडे गेलो व ते चित्र काढून टाकविले. पानांची जुळणी झालेली असल्यामुळे त्या जागी दुसरे काही बसेना. पान कोरेच राहिले आणि पुस्तक तसेच स्पर्धेस गेले.

निवड झालेल्यांच्या यादीत आमचे नाव नव्हते. वाईट वाटले, हे लपवीत नाही. त्या बाईच्या लेकराच्या कबरीचे, फुले वाहिलेले एक निराळे चित्र आमच्यापाशी होते. ते चौकटीत बसवून तिला नेऊन दिले. आज ते तिच्या घरी आल्तारावर पवित्र मरियेच्या तसबिरीशेजारी आहे, आणि रोझरीच्या वेळी त्यापुढे दिवा लागतो.

वाचकहो, आपल्या घरी पेटीत जुने फोटो पडले असतील. येत्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी ते बाहेर काढा, घरातील वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि साल लिहा, आणि त्या नावांनी प्रार्थना करा. त्यास प्रवेशमूल्य लागत नाही आणि परीक्षकही लागत नाही.