फोन कापलेलं स्टेशन

टॉम डोनाह्यूने फोन लावला, तर तो कापलेला निघाला. १९६७ सालचं सॅन फ्रान्सिस्को. डोनाह्यू टॉप फॉर्टी रेडिओत मुरलेला, अवाढव्य देहाचा निवेदक. कँडलस्टिक पार्कमधला बीटल्सचा शेवटचा कार्यक्रम भरवणाऱ्यांपैकी एक. एका रात्री घरी डोअर्सची रेकॉर्ड ऐकताना त्याच्या मनात आलं, ही गाणी रेडिओवर का लागत नाहीत? मग तो एफएम स्टेशनं धुंडाळू लागला. केएमपीएक्सचा फोनच बंद. दुसऱ्या कुणी ते नाव खोडून टाकलं असतं. हा खूश झाला. ज्यांना फोनचं बिल भरणं जमत नाही, ते आपल्याला नाही कशाला म्हणतील? सोयरीक जमवताना आपण नेमका उलटा हिशेब करतो.

केएमपीएक्स परभाषिक कार्यक्रमांना वेळ विकून तग धरून होतं. लॅरी मिलर तिथे फेब्रुवारीपासूनच मध्यरात्रीनंतर आपल्या आवडीचं वाजवत होता. ७ एप्रिलला डोनाह्यू आला आणि रात्री आठ ते बाराही मोकळे झाले. किंचाळणारे निवेदक गेले, जिंगल गेल्या. डोअर्सच्या ‘लाइट माय फायर’चा मधला ऑर्गन-गिटारचा ऐवज एएमवाल्यांसाठी कापून गाणं तीन मिनिटांच्या आत बसवलं होतं, इथे ते पुरतं सात मिनिटं वाजे. लांबी म्हणजे खोली असं मात्र मी मानत नाही. आयर्न बटरफ्लायचं सतरा मिनिटांचं प्रकरण सुरू झालं की ड्रम येईपर्यंत माझा चहा उकळून होतो. जेफरसन एअरप्लेनचं ‘व्हाइट रॅबिट’ अडीच मिनिटांत चढतं आणि वरच सोडून देतं. तेवढं पुरे.

या साऱ्याचं श्रेय एलएसडीला देण्याची रीत आहे. मी थोडं सरकारी नियमालाही देईन. मोठ्या शहरांतल्या एफएम स्टेशनांनी आपल्या एएम भावंडाचाच कार्यक्रम दिवसभर पुन्हा ऐकवायचा नाही, निम्मा वेळ तरी स्वतःचं काही द्यायचं, असं अमेरिकी सरकारने बजावलं होतं. एफएम ऐकतो कोण? मग बसवा तिथे केस वाढवलेल्या पोरांना!

ज्या वेळेकडे मालकाचं लक्ष नाही, ती वेळ मोठी नामी. इंग्लंडमधल्या जॉन पील या निवेदकाकडे अशीच एक होती, आणि तीही भर समुद्रात. तिथे तेव्हा रेडिओ म्हणजे बीबीसी, म्हणून चाचे रेडिओवाले किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर नांगर टाकून बसलेले. पीलचं रेडिओ लंडन ‘गॅलक्सी’ नावाच्या जहाजावर होतं. मूळचं ते अमेरिकी नौदलाचं सुरुंग काढणारं जहाज. दिवसा तिथेही टॉप फॉर्टीच. पण रात्री बारा ते दोन पीलचा ‘परफ्यूम्ड गार्डन’. त्याच्या हळूहळू ध्यानात आलं, की कचेरीतल्या साहेबांपैकी कुणीही एवढ्या रात्री जागं नसतं. मग त्याने जाहिराती गाळल्या, हवामान गाळलं, आणि पिंक फ्लॉइड, कॅप्टन बीफहार्ट, इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड लावत, श्रोत्यांची पत्रं नि कविता वाचत बसला. समुद्र खवळला की अशा जहाजांवर सुई रेकॉर्डवरून घसरे. वर आकाश, खाली कोळ्यांच्या होड्या, आणि एसेक्सच्या काठावर पांघरुणात ट्रान्झिस्टर घेऊन जागी असलेली पोरं. साहेबांना पत्ता लागेपर्यंत पत्रांचा ढीग जमला होता.

मग त्याच वर्षी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने या चाच्यांविरुद्ध कायदा केला. तो ज्या मध्यरात्री लागू झाला, त्यानंतर उजाडली १५ ऑगस्टची सकाळ. तारखा कधी कधी चेष्टाच करतात. रेडिओ लंडन १४ ऑगस्टला दुपारी तीन वाजता बंद झालं. शेवटचं गाणं, बीटल्सचं ‘अ डे इन द लाइफ’. सप्टेंबरअखेर बीबीसीने रेडिओ वन काढलं, चाच्यांचेच निवेदक घेऊन, पीलसकट. तिथे पहिलं गाणं लागलं मूव्ह या बँडचं ‘फ्लॉवर्स इन द रेन’. त्याच्या प्रचारासाठी बँडच्या मॅनेजरने विल्सन यांचं विवस्त्र व्यंगचित्र छापलेली पोस्टकार्डं वाटली होती. विल्सन कोर्टात गेले आणि जिंकले. गाण्याची सारी रॉयल्टी त्यांनी सांगितलेल्या संस्थांना दानात गेली. बिचाऱ्या मूव्हला फुलंही नाहीत, पाऊसही नाही.

ती घसरणारी सुई मला आवडते. स्टुडिओचं दार कितीही बंद करा, बाहेरचं जग आत शिरतंच. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. संतूरवर शिवकुमार शर्मा. ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळही तिथलाच, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिने उतरणाऱ्यांच्या पावलांचा इतका धडधडाट होई, की काम थांबवावं लागे. नीट कान दिला तर तबकडीवर टॅक्सीही ऐकू येतात, असं हॅरिसनने पुढे सांगितलं होतं. फोर्टातल्या कारकुनांनी ब्रिटिश बीटलला ताटकळत ठेवावं, याचं मला भारी कौतुक.

हे कळल्यापासून ती रेकॉर्ड लावली की मी संतूर सोडून टॅक्सी शोधत बसतो. परवा एका जागी हॉर्न सापडला म्हणून मुलीला हाक मारली. तिने क्षणभर ऐकलं नि म्हणाली, “बाबा, खाली रिक्षा उभी आहे.”