पडद्याची पुनर्नियुक्ती

सर्व अवयव एकाच देहात सामावलेला संगणक वृद्ध होतो तेव्हा त्याचे सर्व अवयव एकाच वेळी वृद्ध होत नाहीत, आणि ज्या आटोपशीर रचनेचा विकत घेताना मोह पडलेला असतो, तीच रचना पुढे धडधाकट अवयव वेगळा काढू पाहणाऱ्याची परीक्षा घेते. माझा २०११ सालचा २७ इंची आयमॅक या अवस्थेस पोहोचला होता. २०१७ च्या हाय सिएरानंतरची कार्यप्रणाली त्यास अधिकृतपणे मिळण्याजोगी नव्हती. परंतु २५६० गुणिले १४४० बिंदूंचा त्याचा पडदा अद्याप इतका निर्मळ होता, की लॅपटॉपच्या तोकड्या पडद्यावर डोळे शिणविण्यापेक्षा या सेवानिवृत्तास केवळ पडदा म्हणून पुन्हा रुजू करून घ्यावे, असे मनाने घेतले.

तशी तजवीज मुळात होतीही. 'टार्गेट डिस्प्ले मोड' या नावाची ही सोय कमांड आणि एफ-२ या कळा एकत्र दाबल्या की सुरू होई. २००९ अखेरच्या व २०१० च्या २७ इंची यंत्रांस मिनी डिस्प्लेपोर्ट असल्यामुळे परक्या संगणकाचे चित्रही ती स्वीकारीत. २०११ पासून थंडरबोल्ट आला आणि चित्र पाठविणाऱ्याकडेही थंडरबोल्टच हवा, अशी अट पडली. २०१४ अखेरच्या ५के यंत्रात तर ही सोयच उरली नाही. थंडरबोल्टच्या खाचेचा आकार जुनाच असल्यामुळे साधी केबल बेमालूम बसते आणि चित्र मात्र उमटत नाही. माझ्या लॅपटॉपपाशी केवळ एचडीएमआय. सबब अर्ज नामंजूर. मंजूर झाला असता तरी पडदा उजळण्यासाठी आतला संपूर्ण संगणक पंख्यांसह चालू ठेवावा लागला असता, हा खर्च मला उधळपट्टीचाच वाटतो.

उरला शस्त्रक्रियेचा मार्ग: आतला संगणक काढून पॅनेलास एचडीएमआयचे चित्र घेणारा स्वतंत्र बोर्ड जोडणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका वयस्क कारागिराने माझी हकीकत शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "साहेब, आधी पॅनेलच्या पाठीवरचा नंबर आणा, मग बोर्डाचं बोलू." सुदैवाने या पिढीची काच लोहचुंबकांनी धरलेली असते; रबरी चोषक लावून ती अलगद उचलता येते. (२०१२ अखेरपासूनची डिंकपट्टीने चिकटविलेली असल्यामुळे ती पट्टी कापावी लागते.) तिच्याखालचे तारकाकृती स्क्रू काढून पॅनेल उचलले, क्रमांक उतरवून घेतला आणि त्या क्रमांकास जुळणारा कंट्रोलर बोर्ड, प्रकाशपट्टीचा ड्रायव्हर व स्वतंत्र अडॅप्टर त्या कारागिराकडूनच बसवून घेतला. मदरबोर्ड व पंखे बाहेर आल्याने पूर्वी सुमारे १३.८ किलो भरणारे ते धूड लक्षणीय हलके झाले. सर्वांत अधिक वेळ गेला तो मात्र काच पुन्हा बसविताना, कारण ती आणि पॅनेल यांच्या मध्ये धुळीचा एक कण किंवा बोटाचा एक ठसा राहिला, तरी शुभ्र पानावर तो नेमका नजरेसमोर येतो.

आता प्रकाश कमीजास्त करण्याची बटणे पाठीमागे दुपदरी चिकटपट्टीने लटकतात आणि दिसण्यात पूर्वीची ऐट उरलेली नाही. अक्षरे मात्र तितकीच रेखीव दिसतात, आणि मजसारख्या दिवसभर मुद्रिते तपासणाऱ्यास तेवढे पुरेसे आहे. ज्या वाचकांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी क्रमांक वाचल्यावाचून बोर्ड घेऊ नये, आणि वीजपुरवठ्याच्या भागास स्वतः हात लावू नये: प्लग काढल्यानंतरही तेथील कपॅसिटरांत धक्का देण्याइतका विद्युत्भार शिल्लक असतो.