फियाट आणि सेडान

७ डिसेंबर २०२५, रविवार
गारठ्यात बाबांची फियाट चोक ओढल्याशिवाय दाद देईना. १९६८ची ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हेच मॉडेल पुढे पद्मिनी झालं आणि टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३पर्यंत धावलं. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पुतण्याच्या नव्या सेडानची ताकद तिच्या तिप्पट. बटण दाबलं की चालू. इंजिन किती गार आहे हे सेन्सर सांगतो, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. फियाटमध्ये ते काम आपल्या कानाचं. आवाज मोकळा झाला की चोक आत ढकलायचा.

९ डिसेंबर, मंगळवार
सिंहगड रस्त्यावर सेडानपुढे एक स्कूटर अचानक आडवी आली. पुतण्याने ब्रेक दाबला; पेडल थरथरलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. चाक लॉक होऊ लागलं की एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. फियाटला चारही चाकांना साधे ड्रम. तिथे चाकं लॉक झाली असती, तर स्टिअरिंगने ऐकलं नसतं. जुना पत्रा जाड म्हणून गाडी भक्कम, असं आपल्याकडे अजून बोलतात. पण पत्रा चेपला नाही तर धडक आतल्या माणसाला सोसावी लागते. सेडानचं नाक चेपण्यासाठीच बनवलेलं असतं.

१३ डिसेंबर, शनिवार
फियाट मिसफायर करत होती. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. पॉइंट काळे पडलेले. पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजचं पातं सरकवून फट लावली, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. चहा येईपर्यंत इंजिन एकसुरात. हाताखालचा मुलगा डोळे विस्फारून बघत होता. रोज तो स्कॅनर लावून कोड वाचतो आणि अख्खा भाग बदलतो.

१४ डिसेंबर, रविवार
पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. मग अशी गाडी रोज वापरता येत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर काढता येते. मला हे मान्य आहे. आईला दवाखान्यात न्यायला सेडानच हवी. फियाटचा अर्ज मी भरणार आहे. मेस्त्रींना फोन करून त्या मुलाला सुट्टीच्या दिवशी पाठवायला सांगितलं. कार्ब्युरेटर, पॉइंट, टायमिंग सगळं तो याच गाडीवर शिकू दे. नंबर मिळाला तरी तिला चालती ठेवायला असे हात तयार व्हायला हवेत.