स्थलांतरित माड

मॉरिशसच्या पश्चिमेकडील कास्कावेल गावच्या एका गृहस्थांनी गतवर्षी आषाढात आपला माड जुन्या जागेवरून काढून नव्या घरापुढे लाविला. वडिलोपार्जित जागेची वाटणी झाली. माडाची जागा धाकट्या भावाच्या वाट्यास आली आणि तेथे घराचा पाया खणावयाचा होता. माड सहा-सात वर्षांचा, मातोश्रींनी अखेरच्या आजारापूर्वी स्वहस्ते लाविलेला. तो तोडण्याची भाषा कोणी काढीना, आणि उन्हाळ्यापर्यंत थांबण्यासही कोणी राजी होईना. वास्तविक थंडीच्या दिवसांत माडाची नवी मुळे फार मंद फुटतात.

श्रावण सरता सरता झावळ्या पिवळ्या पडू लागल्या. गणपती आठ दिवसांवर आले होते. माहेरी आलेली बहीण म्हणाली, "दादा, देवाच्या दारात हे बरे दिसत नाही. पिवळ्या तेवढ्या उतरवा आणि बुंध्याशी चांगले खत घाला."

सल्ला मायेचा, परंतु माडाच्या प्रकृतीस मानवणारा नव्हे. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते; माडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. म्हणून पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे आधी पाहावे लागते. खालच्या जुन्या झावळ्याच पिवळ्या असतील, तर मुळे तुटलेले झाड त्यांतील पोटॅश काढून नव्या पानास पोचवीत असते. त्या कापणे म्हणजे आजाऱ्याच्या घरातील धान्य उकिरड्यावर टाकणे होय. खताचेही तेच. नवी मुळे फुटण्यापूर्वी घातलेले खत उपयोगी तर पडत नाहीच, उलट उरलीसुरली मुळे जाळते. शेंड्याकडील कोवळे पान फिकटले, तर मात्र दोष मुळांशी असतो. पाणी साचले वा बुंधा खोल पुरला, की मुळांचा श्वास कोंडतो आणि जमिनीत लोह असूनही ते पानापर्यंत चढत नाही.

येथे दोन्ही खुणा होत्या. १९६० सालच्या कॅरोल वादळाच्या कथा ऐकत वाढलेल्या गृहस्थांनी वाऱ्याच्या भयाने खोड हातभर मातीत गाडले होते. शिवाय माड खोलच लावावा, असे वाडवडील सांगत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबईमार्गे जहाजाने आलेल्या त्या मंडळींचे म्हणणे खोटे नव्हते. पण तिकडे खोल खड्ड्यात लावतात ते कोवळे रोप, आणि खड्डा अर्धा रिकामा ठेवून रोप वाढेल तसतसा भरीत जातात. समुद्रापार येताना रीतीचा पूर्वार्ध आला, उत्तरार्ध मागे राहिला!

असो. आळे उकरून बुंधा वरच्या मुळांपर्यंत मोकळा केला. टेकू दिले ते दोरीने बांधून. खिळा मारला नाही, कारण माडाच्या खोडाची जखम भरून येत नाही. राहिली एकच परीक्षा. शेंड्यातील न उघडलेले पान हलकेच ओढावे. ते हातात आले तर कोंब कुजला, आणि माड गेला. भाऊ शिडीवर चढला तेव्हा बहीण पाठ फिरवून उभी होती. पान जागचे हलले नाही. त्याने शेजारच्या देठाच्या रेषेत त्यावर शाईची खूण केली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खूण बोटभर वर सरकलेली दिसली. पिवळ्या झावळ्या अजून लोंबत होत्या. बहिणीने त्यांस हात लाविला नाही.