पालच्या मुक्कामातले लंगोट

"पोर आठ महिन्यांची, आणि तुम्ही तंबूत राहायला निघालात?" जळगावच्या घरी अम्मींनी विचारले तेव्हा आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. बाळंतपणापासून आमचे जग घर आणि दवाखाना एवढेच उरले होते. डिसेंबरात दोन दिवसांची सुट्टी जोडून आली. रावेर तालुक्यातील पालजवळ, सातपुड्याच्या कुशीत, ओळखीच्या एका शेतकऱ्याचे शेत आहे. तंबू तिथे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर लावायचा, असे आम्ही ठरवले.

खरी अडचण तंबूची नव्हती, लंगोटांची होती. पावसाळ्यात विकतचे डायपर रात्रभर बांधून ठेवल्याने मुलीच्या मांड्यांना लाल पुरळ आले होते. काही दिवस डायपर बंद ठेवा, सुती कापड वापरा, अंगाला हवा लागू द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. पुरळ बसले, पण आमची भीती गेली नव्हती. घरात नळ आहे, गच्ची आहे, ऊन आहे. शेतात काय करायचे? शिवाय पाकीचा प्रश्न होताच. दोन दिवस एकाच तंबूत निजायचे, तिथेच नमाज अदा करायची, आणि मूल तर दर तासाला ओले करणार!

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही धुळ्याला मुलीच्या नानीकडे गेलो. तिच्या नानांची उभी हयात पॉवरलूमवर गेली, त्यामुळे त्या घरात कापड डोळ्यांनी नव्हे, बोटांनी बघतात. आम्ही हौसेने नवे कोरे कापड नेले होते. नानीने त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा बसून राहिला. मग जुन्या चादरीवर टाकला, तो लगेच मुरला. "नव्या कापडात खळ असते, पॉलिस्टरमध्ये तर पाणी शिरतच नाही. जे पाणी पिते तेच लंगोटाला घ्यायचे," असे म्हणत तिने दोन चादरी आणि नानांची एक जुनी लुंगी टरटर फाडली. चोवीस लंगोट आणि मध्ये घालायला दहा जाड घड्या तयार झाल्या.

धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. थोड्या पाण्यात कापड पाक कसे करायचे, हे नानीला कुणी शिकवावे लागत नाही. तिने पद्धत दाखवली ती अशी. कापड बादलीत बुचकळायचे नाही, कारण एका लंगोटाने सगळी बादली नापाक होते. लोट्याने वरून पाणी ओतायचे आणि घट्ट पिळायचे. असे तीनदा करायचे. हनफी घरांत ही रीत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते. शेवटचे पाणी पातेल्यात धरून ठेवायचे आणि पुढच्या घाणेरड्या लंगोटाच्या पहिल्या धुण्याला वापरायचे. साबण थोडाच, नाहीतर तो काढायलाच जास्त पाणी लागते.

भुसावळ, सावदा, खिरोदा असे करत आम्ही पालला पोहोचलो. केळीच्या बागा मागे पडल्या आणि डोंगर सुरू झाले. प्रवासात मुलीला विकतचेच डायपर घातले होते, हे आधीच सांगून टाकतो. दर दोन तासांनी बदलले आणि वापरलेले डायपर कागदात गुंडाळून पिशवीत ठेवले. त्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही. प्रत्येक सोयीची एक जागा असते.

पहिल्या संध्याकाळी तीन ओले आणि एक भरलेला लंगोट घेऊन आम्ही शेताखालच्या ओहोळावर गेलो. वाहते स्वच्छ पाणी पाहून नानीचा धडा विसरलो. लंगोट पाण्यात टाकणार तोच मागून आवाज आला, "ताई, इथं नका धुऊ. खाली आमचा झिरा आहे."

डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक वयस्कर बाई उभी होती. रावेर-यावलच्या या पट्ट्यात तडवी भिल्ल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. इस्लाम मानणारा हा आदिवासी समाज. ती त्यांच्यापैकीच होती. तिने सलाम केला, मोळी उतरवली आणि आम्हाला थोडे खाली नेऊन दाखवले. ओहोळाच्या वाळूत हातभर खड्डा खणलेला होता, त्यात झिरपून पाणी साठले होते. तिच्या घरचे प्यायचे पाणी ते. आमच्या हातातला लंगोट आम्हालाच जड झाला. पाकीची एवढी काळजी करणारे आम्ही, पण ती फक्त आमच्या कपड्यांची आणि आमच्या मुसल्ल्याची होती. दुसऱ्याच्या घागरीत काय जाईल, याचा विचार मनात आला नव्हता.

"मावशी, माफ करा," एवढेच म्हणू शकलो. ती हसली. "पोर लहान आहे, धुवावं तर लागणारच. पाणी वर न्या, मातीत सोडा."

मग आम्ही तसेच केले. दोन कॅन पाणी भरून ओहोळापासून शंभर पावले वर नेले. वीतभर खोल खड्डा खणला. लंगोटातील घाण त्यात झटकली, धुण्याचे पाणी त्यातच ओतले आणि वर माती लोटली. चार लंगोटांना एक कॅनही पुरा लागला नाही.

ओहोळाकाठच्या एका मोठ्या झाडाच्या सावलीत आमच्याआधी येऊन गेलेल्यांचे तीन डायपर पडले होते, फुगलेले आणि फाटलेले. ओल शोषणारी पूड प्लास्टिकच्या पापुद्र्यातून बाहेर आली होती. कपडा कुजतो, हे प्लास्टिक आपल्या नातवंडांच्या काळातही तिथेच असेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत असे म्हटले होते, पण जंगलात घंटागाडी येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणवठा, रस्ता आणि सावली या तीन जागी घाण करण्यापासून सक्त रोखले आहे, हे आम्ही कितीदा ऐकले होते. त्यातल्या दोन जागा इथे एकत्रच होत्या. हाताला पिशवी गुंडाळून ते तीनही डायपर आम्ही आमच्या कचऱ्यात घेतले.

दुसरी रात्र मात्र कठीण गेली. दिवसभर आभाळ होते, रात्री दव पडले. दोरीवरचे लंगोट गारच राहिले. शेकोटीजवळ धरले तर धुराचा वास, शिवाय ठिणगीची भीती. मध्यरात्री शेवटचा कोरडा लंगोटही ओला झाला. पुरळाच्या भीतीने डायपर नको होते, आणि ओले कापड थंडीत कसे बांधायचे? शेवटी अब्बूंची म्हणजे आमच्यातल्याच एकाची लुंगी फाडली. चांगली पाचेक वर्षे वापरलेली, मऊसूत. विजेरीच्या उजेडात तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. लगेच मुरला. त्या थंडीतही दोघांना हसू आवरेना.

फजरला वुजू केला, तंबूच्या एका कोपऱ्यात राखून ठेवलेली स्वच्छ चटई पसरली. मुलगी रांगत थेट मुसल्ल्यावर आली. नुकताच बदललेला कोरडा लंगोट होता, म्हणून मन शांत होते. प्रेषितांनी (स.) आपली नात हजरत उमामा (र.) यांना खांद्यावर घेऊन नमाज पढली होती, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. ती आठवण त्या पहाटे फार जवळची वाटली.

कापडच नेहमी श्रेष्ठ, असे आमचे म्हणणे नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अभ्यासातही हेच दिसले की कापडी लंगोटांचा फायदा ते कसे धुतो आणि वाळवतो यावर ठरतो. उकळत्या पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर फायदा उरत नाही. दोरीवर वाळवले, पाठच्या भावंडालाही वापरले, तर तो वाढतो. हे तर आपल्या घरांत पूर्वीपासून चालत आले आहे. पुन्हा गेलो तर मात्र थंडीत छत्तीस लंगोट नेऊ, आणि दुपारनंतर धुणार नाही.

निघताना मावशींच्या घरी जाऊन आलो. त्यांनी मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. मांड्यांवर पुरळाचा ठिपकाही नव्हता, अलहम्दुलिल्लाह.

जळगावला अम्मींनी गच्चीवर लंगोट मोजले. चोवीस लंगोट, आणि वर लुंगीचे चार तुकडे. त्या काही बोलल्या नाहीत, ते तुकडेही उन्हात घातले. फोनवर नानीला सांगितले की आता नवी लुंगी घ्यावी लागेल. ती म्हणाली, "घ्या बेटा. पण आधी चार-पाच वर्षे नीट नेसा. इन्शाअल्लाह, पुढच्या बाळाला कामाला येईल."